गुणाजीची मोटार

१९३६ च्या दिवाळीनंतर हरिश्चंद्र सुकाणी बोटीची नोकरी कायमची सोडून रत्नागिरीला घरी आला. मिरकरवाड्यात सगळ्यांना वाटलं, हा काही टिकत नाही. अठ्ठावीस वर्षं ज्याने मोठमोठ्या बोटींचं सुकाणू धरलं, ज्याने लंडन आणि कोलंबो पायाखाली घातलं, तो माणूस बंदरावरच्या चार घरांत किती दिवस रमेल? शिमग्याच्या आत हा पुन्हा मुंबईची वाट धरतो की नाही बघा, असं लोक म्हणाले. पण हरिश्चंद्र गेला नाही. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, आणि ज्याला लांबचा दिवा दिसत नाही त्याला सुकाणूवर कोण उभं करतो? ही गोष्ट त्याने बायकोखेरीज कोणाला सांगितली नव्हती.

घर बंदराच्या वरच्या अंगाला होतं. जांभ्याचं, दोन खोल्यांचं, पुढे खळं आणि मागे पडवी. घरात आता माणसं दोनच. तुळसा, त्याची बायको, पंचेचाळिशीला आलेली. मुळात बोलणं कमी, आणि नवरा वर्षा-दीड वर्षाने महिनाभर यायचा नि जायचा, त्यामुळे ते आणखीच कमी झालेलं. मुलगी मैना मुंबईला दिली होती. लग्नाला सहा वर्षं होत आली, पण ती माहेरी दोनदाच येऊन गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. मैनेने तीही मोडली, आणि मुलगी झाल्याचं पत्र तेवढं आलं. हरिश्चंद्राला त्याचं वाईट वाटायचं, पण नवल वाटायचं नाही. लहानपणापासून ती त्याच्यापासून जरा दूरदूरच असे. तो सुट्टीवर आला की ती काम काढून शेजारी जायची. बाप कधीमधी दिसणारा माणूस, पोर लाजते, अशी त्याने मनाची समजूत घातली होती.

आणि एक मुलगा होता, गुणाजी. तो सहाव्या वर्षी गेला, त्याला अकरा वर्षं झाली होती.

गुणाजीची एक वस्तू घरात राहिली होती. मागच्या पडवीत, शिडाच्या जुन्या तुकड्याखाली झाकलेली पायडलची मोटार. १९२५ साली हरिश्चंद्राने ती लंडनच्या गोदीजवळ एका जुन्यापान्या सामानाच्या दुकानात बघितली होती. पत्र्याची, लालभडक, पुढे नाकावर पितळेची बारीक पट्टी, आत एका पोरापुरती बैठक. पायाने पायडल हाणलं की चाकं फिरत, आणि हातात एवढंसं गोल चाक. ते चाक बघूनच तो दुकानात शिरला. आपला मुलगाही सुकाणू धरील, असं काहीतरी त्याच्या मनात आलं असावं. बोटीवरच्या लोकांनी त्याची खूप थट्टा केली. मुंबईला बोट दोनच दिवस थांबणार होती, घरी जाऊन यायला वेळ नव्हता. म्हणून वाडीतला एक जण गावी निघाला होता त्याच्याबरोबर त्याने ती मोटार आगबोटीने पाठवून दिली.

पुढे एडनला त्याला पत्र मिळालं. तुळसेने शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. गुणाजी दिवसभर मोटारीतच असतो, जेवायलासुद्धा उतरत नाही, तोंडाने भोंगा वाजवतो आणि वाडीतली पोरं मागून धावतात. ते पत्र हरिश्चंद्राने आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं. त्यानंतर सातआठ महिन्यांनी, कोलंबोला, दुसरं पत्र मिळालं. त्यात दोनच ओळी होत्या. तीन दिवसांच्या तापाने गुणाजी गेला. तुम्ही जिवाला सांभाळून राहावे.

तो घरी पोचला तेव्हा गुणाजीला जाऊन सहा महिने होऊन गेले होते. मोटार पडवीत झाकलेली होती. त्याने शीड बाजूला केलं. रंग बराचसा शाबूत होता. पुढच्या नाकावर मात्र तळहाताएवढा एक खोल पोचा होता. पोराने दगडी गडग्यावर आपटली असेल, असं त्याच्या मनात आलं. त्याने त्या पोच्यात हात ठेवला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिला. पुढे प्रत्येक सुट्टीत, घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तो एकदा पडवीत जाऊन त्या पोच्यावर हात ठेवून यायचा. तुळसा बघायची, पण त्यावर दोघं कधी बोलली नाहीत.

माघात मैनेचं पत्र आलं. शिमग्याला येते, हिरालाही घेऊन येते. हिरा तिची मुलगी, चार वर्षांची. हरिश्चंद्राने नात अजून बघितलेली नव्हती. पत्र मास्तरांकडून दोनदा वाचून घेऊन तो घरी आला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तुळसेला तो जरा हुशारीत दिसला. जेवून उठल्यावर तो थेट पडवीत गेला आणि मोटार ओढत पुढच्या खळ्यात, उन्हात घेऊन आला.

त्याने ती नीट तपासली. डोळ्यांना कमी दिसत होतं, म्हणून बोटांनी तपासली. पायडलं धरून बसली होती. एका चाकाचं रबर कुजून गळालं होतं. एका चाकावरचा पत्रा फाटून बाहेर आला होता, त्याचं टोक कोणीतरी आत दुमडून ठेवलेलं होतं. लाल रंग बहुतेक ठिकाणी तपकिरी झाला होता, फक्त बैठकीच्या आतल्या बाजूला मूळचा तुकडा होता. पण सांगाडा धड होता. चाकं मोकळी करायची, पत्रे ठोकून सरळ करायचे, आणि वरून दोन हात रंग. महिन्याभराचं काम नाही. फक्त पुढचा पोचा काढायचा की ठेवायचा, एवढाच त्याला प्रश्न होता. बाकी सगळं लंडनच्या कारागिराचं होतं, पोचा तेवढा गुणाजीचा. तो ठेवावा आणि त्यावरूनच रंग द्यावा, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तो लाल रंगाचा डबा आणि काळ्याचा एक लहान डबा घेऊन आला.

तुळसा तांदूळ पाखडत होती. डबे बघून तिचे हात थांबले. तिने विचारलं, हे कशाला? त्याने सांगितलं.

"आहे तशी राहू द्या," ती म्हणाली.

त्याने तिला समजावून सांगितलं. नात येते आहे. तिच्यासाठी घरात दुसरं काय आहे? आणि वस्तू गंजून मातीला मिळण्यापेक्षा एका पोराच्या उपयोगी पडली तर वाईट काय? गुणाजीची आठवण पुसायची नाही, तो पोचासुद्धा आपण तसाच ठेवणार आहोत. तुळसा ऐकत होती आणि सुपातल्या तांदळाकडे बघत होती. सगळं ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "नवी मोटार मी एकदा बघितली. मला पुन्हा बघायची नाही."

"तू बघितलीस," हरिश्चंद्र म्हणाला. "मी ती चालताना एकदाही बघितली नाही. आता दिसतंय तोवर बघू दे."

यावर तुळसा सूप उचलून आत गेली. आपण तिला डोळ्यांचं बोलून दाखवलं हे त्याला आवडलं नाही, पण तो मागेही हटला नाही.

बंदरावर भागोजी लोहाराची भट्टी होती. होड्यांचे खिळे, कड्या, नांगर, सगळं काम त्याच्याकडे. हरिश्चंद्राचा तो लहानपणचा सोबती. हरिश्चंद्राने त्याला मोटारीचं सांगितलं तेव्हा भागोजी भात्याकडे बघत म्हणाला, की कोळसा संपलाय, चार दिवसांनी ये. चार दिवसांनी त्याने सांगितलं की मनगट दुखतंय, बारीक काम होणार नाही. आठवड्याने पुन्हा गेला तेव्हा एका मोठ्या होडीचे खिळे द्यायचे होते. तीनदा असं झाल्यावर हरिश्चंद्राला राग आला. जो माणूस आपल्यासाठी जेवण टाकून उठेल, तो एवढ्याशा कामाला टाळतो म्हणजे काय? मग एका सकाळी त्याने मोटार खांद्यावर घेतली, उतरण उतरून गेला, आणि ती भागोजीच्या ऐरणीपुढे ठेवून समोर बसला. काम करतोस की मी दुसऱ्याकडे जाऊ, ते आज सांग, म्हणाला.

भागोजीने हातातला खिळा निखाऱ्यातून काढून पाण्यात टाकला.

"दादा, तू मला दुसरं काहीपण सांग. नांगर सांग. ही मोटार मी हातात घेणार नाही."

"का?"

"एकदा घेतली होती." त्याने मोटारीच्या नाकाकडे बोट केलं. "हा पोचा माझ्या घणाचा आहे."

हरिश्चंद्राला कळेना. भागोजी खाली बघून बोलत राहिला. गुणाजीचं बारावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुळसा मोटार दोरीने ओढत एकटीच भट्टीवर आली होती. ही मोड, म्हणाली. त्याने तिला परोपरीने सांगितलं, की वयनी, दादाने एवढ्या लांबून पाठवली, तो आल्यावर काय ते ठरवा. ती ऐकेना. शेवटी त्याने घण उचलला आणि एक घाव घातला. दुसरा घालणार तो ती मधे आली. मोटारीवर आडवीच पडली. घण वरच्यावर सावरला म्हणून, नाहीतर तिच्या पाठीत बसला असता. मग उठली आणि आली तशी मोटार ओढत घरी घेऊन गेली.

"पण मोडायची कशाला?" हरिश्चंद्राने विचारलं. "त्या मोटारीने तिचं काय केलं होतं?"

भागोजीने मान वर केली आणि त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यातच हरिश्चंद्राला समजलं, की आपल्याला ठाऊक नसलेलं काहीतरी आहे, आणि ते या माणसाला ठाऊक आहे.

"माझा मुलगा तापाने गेला," तो म्हणाला.

भागोजी उठला, दाराशी जाऊन बाहेर कोणी आहे का बघून आला. मग त्याने सांगितलं. ताप नव्हता. आश्विनातली गोष्ट. खळ्यातून बंदराकडे जी लाल वाट उतरते, तिच्यावरून मोटार सुटली आणि वळणावर उलटली. चाकावरचा पत्रा फाटला आणि पोराच्या पोटरीत घुसला. हळद-चुना भरला, फडकं बांधलं. जखम भरतही आली. पोर दोन दिवसांत पुन्हा मोटारीत बसलं. आठव्या दिवशी सकाळी त्याचं तोंड उघडेना. डॉक्टरला आणलं, त्याने बघितल्याबरोबर सांगितलं, धनुर्वात आहे, आता हाती काही नाही. चार दिवस काढले पोराने.

"आपोआप कशी सुटेल? ढकलली कोणी?" हरिश्चंद्राने विचारलं.

भागोजी नुसता निखारे सारखे करू लागला. पण घरात पोरं दोनच होती. न सांगताही उत्तर हरिश्चंद्राला मिळालं.

मोटार पुन्हा खांद्यावर घेऊन तो निघाला. घरी जायची वाट सोडून तो बंदराच्या कडेला जाऊन बसला, मोटार शेजारी ठेवून. मासे उतरून झाले होते, बायका पाट्या घेऊन बाजाराकडे चालल्या होत्या. येता-जाता त्या त्याच्याकडे आणि मोटारीकडे बघत आणि बोलणं थांबवत. अशी बोलणी थांबलेली त्याला एकामागोमाग एक आठवू लागली. सुट्टीवर आला की विहिरीवर, देवळात, न्हाव्याच्या दारात, तो पोचायचा आणि माणसं गप्प व्हायची. त्याला वाटायचं, पोर गेलेल्या बापाचा मान राखतात. अकरा वर्षं सगळ्या वाडीला ठाऊक होतं, की सुकाण्याने परदेशातून जी वस्तू पोरासाठी पाठवली तिनेच पोर नेलं. एकानेही त्याला कळू दिलं नव्हतं. याबद्दल राग धरावा की पाया पडावं, ते त्याला ठरवता येईना. आणि तो पोचा. सुट्टीमागून सुट्टी ज्याच्यावर हात ठेवून तो बसला, तो पोराचा नव्हताच.

मोटार त्याने होती तिथे नेऊन ठेवली. रंगाचे डबे कोपऱ्यात सरकवलेले तुळसेने बघितले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती जेवायला वाढत असताना त्याने विचारलं, की तू मला ताप का लिहिलंस?

तुळसेने हातातली पळी खाली ठेवली. ती रडेल असं त्याला वाटलं होतं, पण ती रडली नाही. इतकी वर्षं तयार ठेवलेलं उत्तर असावं तसं तिने सांगितलं.

"शेजारच्या जानूला बायको गेल्याचं पत्र बोटीवर मिळालं आणि तो त्याच दिवशी कठड्यावरून समुद्रात गेला. तुम्हीच सांगितलं होतं मला. मोटारीचं लिहिलं असतं तर तुम्ही राहिला असतात? मास्तरांना मी म्हटलं, ताप लिहा."

आणि नंतर, तो घरी आल्यावर? नंतर सांगायचं होतं, ती म्हणाली. पण तुम्ही आल्याआल्या मोटारीवर हात ठेवून बसलात. ते बघून जीभ उचलली नाही. मग परत बोटीवर जायचा दिवस आला. पुढच्या वेळी सांगू, पुढच्या वेळी सांगू, असं करता करता ते राहून गेलं.

मग त्या चार दिवसांचं तिने सांगितलं. तेही त्याने विचारलं म्हणून. आवाज झाला की पोराचं अंग धनुष्यासारखं ताठायचं. म्हणून तिने जातं बंद ठेवलं, कोंबड्या शेजारी नेऊन दिल्या, दारं-खिडक्या गोणपाटाने झाकल्या आणि काळोखात त्याच्याजवळ बसून राहिली. कानात कुजबुजूनसुद्धा बोलायची सोय नव्हती. चार दिवस ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. "ते आठवतं," ती म्हणाली आणि थांबली.

हरिश्चंद्राने ताट बाजूला सारलं. मग त्याने विचारलं, "मोडायला नेलीस, मग मोडू का दिली नाहीस?"

"त्याची होती," तुळसा म्हणाली. तिने हेही सांगितलं, की दरवर्षी पाऊस सरला की ती मोटारीला उंडीचं तेल चोळते. समुद्राच्या वाऱ्यात पत्रा दोन वर्षं टिकत नाही, ही अकरा वर्षं टिकली ती त्यामुळे. फाटलेला पत्रा तिनेच आत दुमडला होता. तिला ती मोटार डोळ्यांपुढे नको होती आणि घराबाहेरही जायला नको होती.

मैनेचं त्याने सर्वांत शेवटी काढलं. तिला तू काय सांगितलं होतंस?

तुळसा पदराच्या काठाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, की बापाजवळ बोललीस तर बाप पुन्हा घरी यायचा नाही, एवढं सांगितलं होतं. आणि त्या पहिल्या दिवसांत आणखी काय काय बोलले ते आता आठवत नाही. आठवून सांगणारही नाही. पोर नऊ वर्षांची होती. आता तिचा संसार आहे, मूल आहे, ती विसरली असेल. तुम्ही काही बोलू नका.

"विसरली असती तर घरी आली असती," हरिश्चंद्र म्हणाला.

शिमग्याच्या चार दिवस आधी मैना आली. आगबोट बाहेर उभी राहिली, पडावातून माणसं किनाऱ्याला आली. हरिश्चंद्र गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला होता. डोळ्यांना चेहरे लागत नव्हते, म्हणून तो प्रत्येक बाईकडे बघत होता, आणि मैनेनेच त्याला हाक मारली. हिराला त्याने खांद्यावर घेतलं. पोर भिडस्त नव्हती. घरापर्यंत त्याच्या कानात काही ना काही विचारत आली.

तो दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मैना विहिरीवर गेली होती. हिरा घरभर हिंडत पडवीत गेली, तिने शीड ओढून काढलं आणि मोटारीत जाऊन बसली. तोंडाने पों पों करू लागली. ओटीवर बसलेल्या हरिश्चंद्राने तो आवाज ऐकला आणि तो उठायच्या आत मैना घागर घेऊन मागच्या दाराने आली.

तिने घागर खाली ठेवली. हिराला एका दंडाला धरून मोटारीतून उचललं आणि तिच्या पाठीत चापट मारली. पोर एवढं घाबरलं की क्षणभर त्याला रडताच आलं नाही. मग त्याने भोकाड पसरलं. आतून तुळसा आली आणि दारातच थांबली. हरिश्चंद्र पुढे झाला.

"मैने, तिला मारू नको गो. मला कळलंय."

"काय कळलंय?"

"मोटारीचं."

मैनेने पहिल्यांदा आईकडे बघितलं. मग बापाकडे. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि तिथे दुसरं काहीच आलं नाही.

"मी जोरात नव्हती ढकलली, बाबा," ती म्हणाली. "तोच म्हणाला, ढकल. मी हळूच ढकलली."

अकरा वर्षं ते वाक्य तिने कुणापुढे उच्चारलं नव्हतं. हरिश्चंद्र तिथेच पडवीच्या जोत्यावर बसला.

"ती मी आणली, पोरी," तो म्हणाला. "तू नव्हती आणलीस."

मैना भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. तुळसेने हिराला उचलून स्वयंपाकघरात नेलं, तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि बराच वेळ ती बाहेर आली नाही. पण उन्हं कलल्यावर ती फणी आणि तेलाची वाटी घेऊन आली, लेकीच्या मागे बसली आणि तिचे केस विंचरू लागली. विंचरता विंचरता ती काहीतरी हळू आवाजात बोलली. ते काय होतं हे हरिश्चंद्राला ऐकू गेलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. मैनेने मान हलवली, एवढं त्याला दिसलं. त्या मान हलवण्याचा अर्थ होय होता की नाही, हेही त्याला नीट कळलं नाही.

मोटारीचं काय करायचं, ते होळीच्या दुसऱ्या दिवशी ठरलं. हरिश्चंद्रानेच विषय काढला. रंगाचे डबे दाखवून त्याने मैनेला सांगितलं, की नातीसाठी नवी करणार होतो. तुझी आई म्हणते, आहे तशी ठेवा. आता तू काय म्हणतेस ते सांग. समुद्रात टाका म्हणालीस तर आज होडीतून नेऊन टाकतो.

"तेव्हा ती लाल होती," मैना म्हणाली. "उन्हात नुसती चमकायची. मला ती तशीच दिसते, मुंबईलासुद्धा. रंग देऊ नका, बाबा. गंजली तेच बरं आहे." आणि टाकायचं म्हणाल तर ते आयेला विचारा, ती पुढे म्हणाली. मी टाका म्हणणार नाही. चार दिवस काळोखात मी नव्हते बसले.

दोघांनी तुळसेकडे बघितलं. ती हिराची वेणी घालत होती. वेणी पुरी करून, गाठ मारून मगच ती बोलली.

"टाकू नका," ती म्हणाली. "पण यंदापासून मी तेल लावणार नाही."

हरिश्चंद्राला एवढं समजलं, की बायकोने आपलं जे होतं नव्हतं ते त्या एका वाक्यात सोडलं, आणि ते लेकीसाठी सोडलं, त्याच्यासाठी नाही. लाल रंगाचा डबा भागोजीने मागून नेला आणि कुणाच्यातरी होडीच्या काठाला लावला.

मैना अकरा दिवस राहून परत गेली. पुढच्या वर्षी ती शिमग्याला आली, आणि त्याच्या पुढच्याही वर्षी. मोटार पडवीत तिथेच होती, आता तिच्यावर शीडही नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात पत्र्याला फोड आले, दुसऱ्यात ते फुटून भोकं पडली. १९३९ च्या श्रावणात तळाचा पत्रा गळून पडला आणि बैठक खाली बसली. तुळसा रोज सकाळी पडवी झाडायची, तेव्हा लाल भुकटी केराबरोबर निघायची. ती भुकटी भरून माडाच्या आळ्यात टाकून यायची.

हरिश्चंद्राच्या डोळ्यांनी तोवर बरंच सोडलं होतं. माणूस आवाजावरून ओळखायचा. मैना आली की दुपारी त्याच्याजवळ येऊन बसे. गुणाजीबद्दल तुळसा कधी बोलली नाही, पण मैना बोलू लागली होती, तेही त्याने विचारलं तरच, आणि थोडंच. कधी मधेच गप्प होई, तेव्हा तो पुढे विचारत नसे. एका दुपारी तिने सांगितलं, की गुणाजी एकदा बंदरावरून वाळत घातलेले बोंबील मोटारीत भरून घेऊन आला होता, आणि मागून बोंबीलवाली शिव्या घालत खळ्यापर्यंत आली, तरी हा मोटारीतून उतरेना. म्हणाला, भाडं द्या, मग माल देतो. हरिश्चंद्र हसला. मैनाही हसली. तुळसा दारात बसून तांदूळ निवडत होती, ती उठली आणि आत गेली.